मुका तास

शाळेतून फोन आला तेव्हा बसड्रायव्हर सकाळपाळी संपवून डेपोच्या कँटीनमध्ये नुकता कुठे टेकला होता. "मोठ्या बाईंनी उद्या दुपारी भेटायला बोलावलंय, आईवडील दोघांनीही यायचंय," एवढं सांगून शाळेच्या कारकुनाने फोन ठेवला. कशासाठी, ते विचारायचं राहूनच गेलं. पण ड्रायव्हरच्या मनात काही वावगं आलं नाही. त्याची मुलगी अभ्यासात हुशार, आणि बोलण्यात तर अशी की वक्तृत्व स्पर्धेत ती उभी राहिली की बाकीच्यांनी मुकाट घरी जावं. बक्षीसबिक्षीस असेल असं त्याला वाटलं. समोर बसलेल्या कंडक्टरला त्याने आपणहून सांगून टाकलं, "लेकीच्या शाळेत बोलावणं आहे उद्या. पाळी बदलून घ्यायला लागणार."

मुलीला घरात ठकी म्हणत. तान्ही होती तेव्हा लाकडी बाहुलीसारखी टकामका बघत पडलेली असायची, तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ती चौदा वर्षांची होती आणि मैत्रिणींसमोर त्या नावाने हाक मारली की फुरंगटून बसायची.

दुसऱ्यांच्या मुलांबद्दल ड्रायव्हरचं मत मात्र फारसं चांगलं नव्हतं. शाळा सुटायच्या वेळेला त्याच्या बसमध्ये पोरांचा लोंढा चढायचा. कोणी सीट ब्लेडने फाडायचं, कोणी म्हाताऱ्या माणसाच्या टोपीत कागदाचे बोळे टाकायचं. एकदा तर त्याने भर रस्त्यात बस उभी करून पाचसहा पोरांना खाली उतरवलं होतं. "यांना नाही, यांच्या आईबापांना इथे आणून उभं केलं पाहिजे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. तो डेपोत शिरला की लोक त्याच्याच आवाजात ते म्हणून दाखवायचे, आणि तोही हसायचा.

मोठ्या बाईंच्या खोलीत दुसऱ्या दिवशी तो आणि त्याची बायको शिरली तेव्हा तिथे आणखी माणसं होती. काळ्या कोटातल्या एक वकीलबाई खुर्चीत बसून हातातल्या फोनवर काहीतरी उरकत होत्या. भिंतीला लागून एक उंच, वाकलेला माणूस उभा होता. त्याच्या बोटांना सुया टोचल्याच्या खुणा होत्या आणि बाहीला स्पंजाचा भुगा चिकटलेला होता. खुर्ची रिकामी असूनही तो बसत नव्हता. हा कुशनवाला, बाजारामागच्या गल्लीत सोफे आणि गाड्यांच्या सीटा शिवून द्यायचा. दुसऱ्या देशातून बायकोपोरं घेऊन इथे आलेला, आणि अजून शब्द जुळवत जुळवत बोलणारा. ड्रायव्हरने त्याला डेपोच्या वर्कशॉपमध्ये एकदोनदा पाहिलं होतं.

मोठ्या बाईंनी टेबलावरचे कागद बाजूला सारले. त्यांचा आवाज बसलेला होता.

"भूगोलाच्या सरांना तुम्ही ओळखता. त्यांना कमी ऐकू येतं, कानात यंत्र लावतात. सगळी शाळा जाणते. परवाच्या तासाला ते वर्गात गेले आणि मुलांना वाचायला सांगितलं. मुलं उभी राहून वाचत होती, पण आवाज न काढता. नुसते ओठ हलवत होती. एकट्यादुकट्याने नाही, सगळ्या वर्गाने. आपापसात बोलायचं नाटकही तसंच चालू होतं. सरांना वाटलं, यंत्र बंद पडलं. त्यांनी ते काढलं, पुसलं, सेल बदलला, परत लावलं. काही ऐकू येईना. मग त्यांनी आवाज वाढवला. पूर्ण वाढवला. आणि तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे कोणीतरी कचऱ्याची पत्र्याची बादली स्टीलच्या बाटलीने वाजवली."

ड्रायव्हरच्या बायकोने पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला.

"सर कान धरून खाली बसले," मोठ्या बाई म्हणाल्या. "शिपाई धावत गेला तेव्हा वर्ग हसत होता. सर उठले, यंत्र खिशात टाकलं आणि घरी निघून गेले. त्यानंतर ते आले नाहीत. फोनही घेत नाहीत. शिपायाने पाहिलं तेव्हा तीन मुलं जागेवरून उठून पुढे उभी होती. तुमची तिघांची."

"बादली कोणी वाजवली?" वकीलबाईंनी विचारलं.

"यांच्या मुलाने." बाईंनी भिंतीकडे मान वळवली. "कबूल केलंय त्याने. पण ही कल्पना कोणाची, असं विचारलं की तो गप्प. सगळा वर्गच गप्प."

"म्हणजे माझ्या मुलाने ओठ हलवले, एवढंच," वकीलबाई म्हणाल्या. "वाईट झालं, मी नाही म्हणत नाही. पण ओठ हलवणं हा अपराध कधीपासून झाला? आणि बाई, पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत मुलं तुमच्या ताब्यात असतात. ज्याला ऐकू येत नाही अशा माणसाला तुम्ही चाळीस मुलांसमोर एकटं उभं करता, आणि जाब आम्हाला विचारता?"

मोठ्या बाईंचा चेहरा लाल झाला. त्यात थोडं तथ्य होतं आणि ते त्यांना टोचलं, हे ड्रायव्हरलाही कळलं. "आमच्या मुलीनेही फक्त ओठच हलवले ना?" त्याने विचारलं.

"तसंच सांगते ती."

ड्रायव्हरच्या छातीवरचं ओझं उतरलं. मग कुशनवाला भिंतीपासून एक पाऊल पुढे आला.

"मुलगा माझा," तो म्हणाला. "त्याने केलं म्हणजे मी केलं. तुम्ही सांगाल ते मान्य."

एवढं बोलून तो परत भिंतीला लागून उभा राहिला. वकीलबाईंनी त्याच्याकडे पाहिलं ते एखादा अशील कोर्टात नको ते बोलून बसल्यावर पाहावं तसं. मोठ्या बाईंनी निकाल सांगितला. बादली वाजवणाऱ्या मुलाचं प्रकरण शाळेच्या समितीपुढे जाईल, तोवर त्याने घरी राहायचं. बाकी दोघांना सक्त ताकीद.

घरी जाताना ड्रायव्हरची बायको वाटेत एवढंच म्हणाली, "सुटलो बाई." ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि तिला परत दुकान गाठायचं होतं. ड्रायव्हर एकटाच घरी आला.

संध्याकाळी तिघं स्वयंपाकघरात होती. आई भाजी निवडत होती, ठकी तिच्यासमोर खाली मान घालून बसली होती, आणि ड्रायव्हर दारात उभा राहून तिला फैलावर घेत होता. आवाज चढवायची त्याला सवय नव्हती, म्हणून तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. ज्यांनी तुला नकाशा वाचायला शिकवला, त्यांची तू टर उडवतेस. सगळे करतात म्हणून तू करायचंस का. घरी येऊन सर आजारी आहेत म्हणून सांगितलंस, ते वेगळंच.

ठकी हूं की चूं करत नव्हती. शेवटी त्याचाच जोर ओसरला. तो स्टूल ओढून बसला आणि बायकोला म्हणाला, "तो कुशनवाला बरा माणूस वाटला गं. मुलगाही गरीबच असणार. एवढ्या जोरात कशाला वाजवली असेल त्याने?"

"मी हळू वाजव म्हटलं होतं," ठकी म्हणाली.

आईच्या हातातली जुडी तशीच राहिली. ठकीने वर पाहिलं, आणि आपण काय बोलून बसलो ते तिला त्या दोघांच्या चेहऱ्यावरून कळलं.

मग सगळं बाहेर आलं. आधी तुकड्यातुकड्याने, मग भडाभडा. ओठ हलवायची युक्ती तिची. आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने सगळ्या वर्गाला शिकवली होती, एकेकाकडून सराव करून घेतला होता. वकीलबाईंचा मुलगा तिचा उजवा हात. आणि बादली वाजवायची खूणही तिनेच करायची ठरली होती. कुशनवाल्याचा मुलगा शाळेत नवा, त्याच्या बोलण्याला सगळे हसायचे, डबा खायलाही त्याला कोणी जवळ बसवत नसे. "मी त्याला म्हटलं, तू एवढं केलंस की आमच्या बाकावर बसायचं."

"आणि तो बसला?" आईने विचारलं.

"नाही. तो घरीच आहे ना."

"पण का?" ड्रायव्हर म्हणाला. "सरांनी तुझं काय वाकडं केलं होतं?"

ठकीने बराच वेळ विचार केला. खोटं बोलत नव्हती ती. तिलाच सापडत नव्हतं. "काही नाही," ती म्हणाली. "जमतंय का बघायचं होतं. आणि जमत गेलं. सगळे माझ्याकडे बघत होते."

ड्रायव्हरचा हात शिवशिवला. त्याच्या लहानपणी शाळेत छडी बसली की घरी बाप उरलेली कसर भरून काढायचा. काय झालं, का झालं, कोणी विचारायचं नाही. मार खाऊन तो एवढंच शिकला होता की पुढच्या वेळी सापडायचं नाही. आपल्या पोरीला हात लावायचा नाही, हे त्याने ती जन्मली त्याच दिवशी ठरवलं होतं, आणि ते पाळलंही होतं. हाताच्या जागी दुसरं काय द्यायचं असतं, हे मात्र त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो उठला आणि गच्चीवर जाऊन उभा राहिला.

थोड्या वेळाने बायको वर आली.

"त्या मुलाने स्वतः कबूल केलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "कोणी त्याच्यावर ढकललेलं नाही. बादली त्यानेच वाजवली की नाही?"

"वाजवली."

"मग झालं तर. पुढच्या वर्षी हिला मोठ्या शाळेत घालायचंय. दाखल्यावर शेरा पडला तर कोण उभं करेल हिला दारात? आपणच आपल्या पोरीच्या पायावर धोंडा घालायचा का? मी तिला चांगली समज देते. आयुष्यभर विसरणार नाही अशी देते. पण घरातलं घरात राहू द्या."

तिचं म्हणणं त्याला चूक वाटलं नाही, हीच पंचाईत होती. त्या पोराने उद्या तोंड उघडलं असतं तर गोष्ट वेगळी. पण तो उघडत नव्हता. कोणीही काही विचारत नव्हतं. ड्रायव्हरने नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं तर कोणालाही जमतं.

दुसऱ्या दिवशी मात्र त्याच्याकडून बस धड चालेना. एक थांबा त्याने सरळ मागे टाकला. घंटी वाजवून वाजवून कंडक्टरचा हात दुखला. "साहेब, तब्येत बरी आहे ना?" कंडक्टरने विचारलं. पाळी संपल्यावर घरी न जाता तो बाजारामागच्या गल्लीत गेला.

कुशनवाल्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, मागच्या बाजूला पडदा आणि पडद्यापलीकडे घर. दारात एका सोफ्याचा सांगाडा आडवा पडला होता, त्याचं जुनं कापड सोलून काढलेलं. आत मुलगा जमिनीवर बसून स्पंजाच्या तुकड्यावर खडूने रेघा मारत होता. ड्रायव्हरला बघून तो उठला आणि पडद्याआड गेला. कुशनवाल्याने हातातली जाड सुई कापडात खोचून ठेवली आणि एक स्टूल पुसून पुढे केलं.

"समितीचं काही कळलं?" ड्रायव्हरने विचारलं.

"समिती काही म्हणू दे," कुशनवाला म्हणाला. "आमच्याकडे असं असतं. मुलाने मास्तरांना दुखावलं, तर बाप त्याला शाळेतून काढतो. मास्तर म्हणाले, पाठव, तर पाठवायचं. नाही म्हणाले, तर नाही."

"म्हणजे कायमचं?"

"कायमचं." शब्द शोधायला तो थांबला. "आम्ही गेलो होतो, सगळे. मी, ही, धाकटीही. सरांच्या फाटकाशी उभे राहिलो. त्यांच्या घरातल्या बाई खिडकीत आल्या, आम्हाला बघितलं, पडदा ओढला. अंधार पडेपर्यंत उभे होतो. उद्या परत जाऊ."

ड्रायव्हरने तोंडावरून हात फिरवला. इथवर येताना आपण काय बोलणार हे त्याला माहीत नव्हतं. आता ते आपोआप बाहेर पडलं. "ही सगळी कल्पना माझ्या मुलीची होती. तुमच्या मुलाला तिनेच भरीला घातलं."

"माहीत आहे," कुशनवाला म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दिवशी सांगितलं त्याने मला."

"मग मोठ्या बाईंसमोर बोलला का नाहीत?"

कुशनवाल्याला तो प्रश्न विचित्र वाटल्यासारखा दिसला. "मी माझ्या मुलाचं बोललो," तो म्हणाला. "तुमच्या मुलीचं मी कसं बोलणार? तिला बाप आहे."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, ड्रायव्हरने उलटून काहीतरी म्हटलं असतं. तो स्टुलावरून उठला आणि म्हणाला, "उद्या तुम्ही जाऊ नका. आधी आम्ही जातो."

घरी गेल्यावर त्याने बायकोला विचारलं नाही, सांगितलं. तिने भांडी आपटली. तिने असंही म्हटलं की तुम्हाला जगात चांगलं म्हणवून घ्यायचंय आणि किंमत मात्र पोरीने मोजायची. तो ऐकून घेत राहिला. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आणि ठकी चपला घालत असताना ती आतून साडी बदलून आली.

"थांबा, मी पण येते," ती म्हणाली. "बापलेक दोघंच गेलात तर लोकांना वाटायचं पोरीला आई नाही."

सरांच्या दारावरची घंटी वाजली नाही. बटण दाबलं तसा आतल्या खोलीत एक दिवा लुकलुकला. तो खिडकीच्या काचेतून दिसला. दार सरांच्या बायकोने उघडलं. थकलेली, नीटनेटकी बाई होती. कोण, कशासाठी, हे ऐकल्यावर तिने ठकीकडे पाहिलं आणि दार लावून घेण्यासाठी हात पुढे केला. मग तिच्या मनात काय आलं कोण जाणे. तिने त्यांना आत घेतलं.

सर खिडकीपाशी बसले होते. घरात त्यांनी यंत्र लावलेलं नव्हतं. ते कपाटावर एका काचेच्या वाटीत पडलेलं होतं. मास्तर म्हणून ठकीने त्यांना नेहमी उभं, हातात पट्टी घेऊन नकाशासमोर पाहिलेलं. बसलेले सर तिला लहान दिसले.

आईने तिला पुढे ढकललं. ठकी मान खाली घालून बोलू लागली. जिच्या जिभेला कधी अडखळणं माहीत नव्हतं, ती आता शब्दाशब्दाला अडत होती.

"वर बघ," सरांची बायको म्हणाली. "खाली बघून बोललीस तर त्यांना काही कळणार नाही. ते ओठ बघतात. त्यांच्याकडे तोंड कर आणि सावकाश बोल."

ठकीने मान वर केली. सरांचे डोळे तिच्या तोंडावर खिळलेले होते. ते किंचित पुढे वाकले.

"आवाज काढते आहेस ना?" सरांनी विचारलं. "की तसंच?"

ठकीचे डोळे भरून आले, पण रडायचीही सोय नव्हती. रडलं तर ओठ थरथरले असते आणि सरांना वाचता आलं नसतं. हे तिचं तिलाच कळलं असावं. तिने बाहीने डोळे पुसले आणि सरळ त्यांच्याकडे बघत सगळं सांगितलं. कल्पना तिची. सराव तिने घेतला. खूण तिने केली. त्या मुलाला बाकावर बसवायचं आमिष तिने दाखवलं. एकही गोष्ट तिने गाळली नाही. ड्रायव्हर मागे उभा होता. पोरगी बोलत होती आणि तो मनातल्या मनात तिचा प्रत्येक शब्द तिच्याबरोबर उच्चारत होता.

सर बोलले ते जरा मोठ्याने, आपला आवाज आपल्याला ऐकू न येणाऱ्या माणसासारखे.

"कान दुखला, तो दुखायचा थांबला," ते म्हणाले. "त्याचं काही नाही. पण त्याआधी तुम्ही सगळे ओठ हलवत होतात ना, तेव्हा मला वाटलं की संपलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कधीतरी सगळंच जाईल. मला वाटलं, ते आजच गेलं. इथेच, वर्गात. तुम्ही वाचत होतात आणि मी विचार करत होतो, घरी जाऊन हिला कसं सांगू." त्यांनी बायकोकडे हात केला. "आणि मग तो धडाका झाला. तुला सांगू, पहिल्यांदा मला काय वाटलं? आनंद झाला. ऐकू येतंय म्हणून. कळ नंतर आली. मी कान धरून हसत वर बघितलं, तर तुम्ही सगळे हसत होता. तेव्हा मला कळलं."

सरांच्या बायकोने तोंड फिरवलं. हे तिलाही पहिल्यांदाच कळत होतं.

"माफी मागायला आलीस, बरं केलंस," सर म्हणाले. "पण माफ केलं असं मी आज म्हणणार नाही. उगाच म्हणायचं म्हणून म्हणणार नाही. ते यंत्र मी रोज सकाळी हातात घेतो आणि परत ठेवून देतो."

ठकीने मान हलवली. ड्रायव्हर पुढे झाला आणि सरांसमोर उभा राहून, नीट तोंड उघडून, कुशनवाल्याचं सांगू लागला. मुलाला शाळेतून काढलंय. तुम्ही बोलावल्याशिवाय तो पाठवणार नाही. फाटकाशी उभे होते सगळे.

"कुठल्या फाटकाशी?"

"तुमच्या."

सरांनी बायकोकडे पाहिलं.

"तुमच्या पोटात दोन दिवस अन्न नव्हतं," ती म्हणाली. "आणखी कोणाला भेटवू तुम्हाला? पडदा ओढला मी."

"माझ्या दारात माणसं उभी होती," सर म्हणाले. ते एवढंच म्हणाले. मग उठले, कपाटाकडे गेले, वाटीकडे न बघता शेजारची छत्री घेतली आणि चपला शोधू लागले.

बाजारामागच्या गल्लीपर्यंत ते पाच जण, सरांची बायकोही, चालत गेले. रस्ता ओलांडताना एक रिकामा टेम्पो मागून हॉर्न देत आला. सरांना तो ऐकू आला नाही. ड्रायव्हर हात पुढे करणार तोच ठकीने सरांचा दंड धरून त्यांना मागे घेतलं आणि टेम्पो गेल्यावर लगेच सोडून दिलं. दुकानात दिवे लागले होते. सरांना दारात बघून कुशनवाल्याच्या हातातलं कापड गळून पडलं, त्याची बायको पडद्यातून बाहेर आली आणि धाकटी तिच्या पायाशी. सरांनी मुलाला जवळ बोलावलं.

"उद्यापासून शाळेत जायचं," ते म्हणाले. "मी सांगतोय म्हणून."

मुलाने बापाकडे पाहिलं. बापाने मान डोलावली, तेव्हा तो हो म्हणाला. ठकी दाराबाहेरच उभी होती. तिने त्याला काहीतरी म्हटलं. ते आतल्यांना ऐकू गेलं नाही. मुलाने तिच्याकडे बघितलं आणि तो सांडलेले स्पंजाचे तुकडे गोळा करायला लागला.

समितीची बैठक व्हायच्या आधीच ड्रायव्हर, त्याची बायको आणि ठकी मोठ्या बाईंपुढे जाऊन उभी राहिली. बोलली ठकीच. मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "तुम्ही आला नसतात तर आम्हाला हे कधीच समजलं नसतं."

"हो," ड्रायव्हर म्हणाला.

कुशनवाल्याच्या मुलाला समितीने ताकीद देऊन वर्गात घेतलं. ठकीला काही दिवस शाळेतून काढलं, वक्तृत्वाच्या संघातूनही काढलं, आणि आईला ज्याची धास्ती होती तो शेराही दाखल्यावर पडला. वकीलबाईंच्या मुलाला काही झालं नाही. वकीलबाईंनी ड्रायव्हरला फोन करून विचारलं की तुम्हाला हे सगळं करायची काय गरज होती, आणि पुन्हा कधी फोन केला नाही. सर शाळेत परत आले नाहीत. त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि भूगोलाला एक तरुण बाई आल्या. मोठ्या बाईंनी मात्र एक केलं: ज्या शिक्षकांना सोबतीची गरज आहे, त्यांच्या वर्गात दुसरे शिक्षक बसवायला सुरुवात केली. वकीलबाईंचं ते 'एकटं उभं करता' त्यांच्या मनातून गेलं नसावं.

घरी राहायच्या त्या दिवसांत आई ठकीला औषधांच्या दुकानात बरोबर न्यायची. पहिले काही दिवस मायलेकी कामापुरतंच बोलत. नवऱ्याशी तर ती त्याहूनही कमी बोलायची; ताट वाढून पुढे सरकवायची आणि आत निघून जायची. ते ड्रायव्हरने गिळलं. मग एकदा तिनेच त्याच्याजवळ विषय काढला, म्हणाली, "त्यांना आनंद झाला म्हणे, आवाज आला म्हणून. माझ्या डोक्यातून जात नाही ते." आणि त्या दिवशी ताट वाढून ती आत गेली नाही.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर एका संध्याकाळी ठकीने बापाला विचारलं, "सर यंत्र लावत असतील का आता?"

"मला काय माहीत."

"जाऊन बघू या?"

"तू जा," ड्रायव्हर म्हणाला.

"एकटी?"

"एकटीच जा. आम्ही एकदा आलो होतो."

ती गेली. यायला तिला उशीर झाला नाही. आली, हातपाय धुतले आणि जेवायला बसली. आईने भाकरी वाढली, पण विचारायचं धाडस दोघांपैकी कोणाला होईना.

"बटण दाबलं," ठकी आपणहून म्हणाली. "आत तो दिवा लुकलुकलेला दिसला. कोणी आलं नाही."

"बाहेर गेले असतील," आई म्हणाली.

"नाही. सावली दिसत होती." तिने घास घेतला आणि सावकाश चावून गिळला. "परत जाईन मी."

आईने तिच्या पानात आणखी थोडी भाजी वाढली, आणि ड्रायव्हरने पाण्याचा तांब्या तिच्या बाजूला सरकवला.